किल्लारीच्या भूकंपाची तिरकी रेघ

किल्लारीचा भूकंप किती वाजता झाला, असे लातूर-धाराशिवकडच्या कुणालाही विचारा, 'तीन छप्पन' हे उत्तर ठरलेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटे. भूकंपशास्त्राच्या नोंदींत मात्र वेळ आणखी बारकाईने लिहिलेली आहे: तीन वाजून पंचावन्न मिनिटे आणि अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आसपास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा अंथरुणाला टेकली होती. त्या काळोखात किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, गुबाळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठ सांगवी या गावांत घड्याळ हातात धरून कुणी बसलेले नव्हते. ती वेळ दिली शेकडो किलोमीटर दूरच्या वेधशाळांनी, आणि त्यांच्यापर्यंत तर पहिला हादरा पोचायलाच अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ लागला होता.

मग ते अठ्ठेचाळीस सेकंद आले कुठून? ते एका सरळ रेषेतून आले. दहावीच्या भूमितीत 'निर्देशक भूमिती' नावाचे प्रकरण असते, त्यात रेषेचा चढ काढायला शिकवतात. पुढे अकरावीत त्याच रेषेचा आंतरछेद येतो, म्हणजे रेष अक्षाला जिथे छेदते ते अंतर. हे दोन आकडे हाती आले की अख्खी रेष हाती येते. वाय बरोबर एमएक्स अधिक सी हे सूत्र मुलांना तोंडपाठ असते. लातूर जिल्ह्यात तर ते जरा जास्तच पाठ असते. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या परंपरेतून जिथे अभ्यासाचा 'लातूर पॅटर्न' उभा राहिला, त्या गावात रेषेच्या समीकरणावरची हजारो गणिते रोज सुटतात. याच जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या दुःखाचा उलगडा याच दोन आकड्यांनी केला, ही गोष्ट वर्गात सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

ती गोष्ट किल्लारीच्या आधी जवळजवळ शंभर वर्षे सुरू होते. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपास केला. युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या आसामच्या नोंदी त्यांनी पुढे बारकाईने पाहिल्या आणि १९०० साली मांडले की, भूकंपातून वेगवेगळ्या वेगाच्या लहरी निघतात. सर्वांत पुढे धावते ती प्राथमिक, म्हणजे पी लहर. तिच्यामागून येते ती दुय्यम, म्हणजे एस लहर. पी लहर खडकाला दाबत-सोडत जाते, एस लहर त्याला आडवी हलवते. घरे पाडते ती मुख्यतः दुसरी आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या पृष्ठभागावरच्या लहरी.

१९०९ च्या ऑक्टोबरात क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथले आंद्रिया मोहोरोविचिच यांनी आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर लहर पोचायला लागलेला वेळ असा आलेख काढला. बिंदू एका रेषेत बसले, पण काही अंतरापलीकडे ती रेष मोडली आणि तिचा चढ एकाएकी कमी झाला. अंतर-वेळेच्या आलेखात चढ कमी म्हणजे वेग जास्त. याचा अर्थ, दूरच्या ठिकाणी आधी पोचणारी लहर खाली कुठेतरी जास्त वेगाच्या थरातून वळसा घालून आलेली होती. दुसऱ्या रेषेचा आंतरछेद घेऊन त्यांनी तो थर सुमारे चोपन्न किलोमीटर खोलीवर असल्याचे काढले. पृथ्वीचे कवच कुठे संपते हे माणसाला पहिल्यांदा कळले ते असे. खणायला कुणी खाली गेले नव्हते, कागदावर एक रेष मागे ओढली होती.

जपानचे कियू वादाती यांनी १९३३ साली जो आलेख दिला, तो तर दहावीच्या मुलालाही तासाभरात जमेल. एकाच फाट्यावरून एकाच क्षणी जीप आणि सायकल निघाली, तर जितके दूर जावे तितके दोघांच्या पोचण्यातले अंतर वाढत जाते. पी आणि एस यांचेही तसेच. वादातींनी आडव्या अक्षावर पी पोचल्याची वेळ घेतली आणि उभ्या अक्षावर पी व एस यांच्यातला फरक. प्रत्येक वेधशाळेचा एक बिंदू. भूकंप कुठे झाला हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही, अंतराची गरजच पडत नाही.

किल्लारीच्या वेळेवरच हे करून पाहू. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, त्या पहाटेच्या खऱ्या नोंदी नव्हेत. पी लहरीचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर धरू, एसचा साडेतीनच्या किंचित खाली. पहिल्या वेधशाळेत पी पोचली तीन वाजून छप्पन मिनिटे आठ सेकंदांनी, आणि तिच्यानंतर १४.६ सेकंदांनी एस. दुसरीत पी पोचली छप्पन मिनिटे अठ्ठावीस सेकंदांनी, फरक २९.३ सेकंद. तिसरीत छप्पन मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांनी, फरक ४३.९. तिन्ही बिंदू मांडले की सरळ रेष मिळते. आडवे वीस सेकंद सरकले की उभे साडेचौदाहून थोडे अधिक चढते, म्हणजे चढ ०.७३. आता रेष डावीकडे मागे न्यायची, फरक शून्य होईपर्यंत. १४.६ ला ०.७३ ने भागले की वीस सेकंद येतात. पहिल्या वेधशाळेच्या वेळेतून ते वजा करा: तीन पंचावन्न अठ्ठेचाळीस.

फरक शून्य म्हणजे पी आणि एस एकत्र. त्या दोघी एकत्र असतात ती फक्त निघतानाची घडी, खडक फुटण्याची घडी. आडव्या अक्षावरचा आंतरछेद म्हणजे भूकंपाचा जन्मक्षण. तिथे कुणी साक्षीदार नसतो, पण रेष त्याच्यापर्यंत जाते. चढही वाया जात नाही. ०.७३ मध्ये एक मिळवला की पी आणि एस यांच्या वेगांचे गुणोत्तर मिळते, १.७३. अखंड, कठीण खडकात ते बहुधा याच्याच जवळ असते. वाटेतला खडक पाण्याने भरलेला किंवा चिरफाळलेला असेल तर आकडा बदलतो. म्हणजे एका रेषेने वेळही दिली आणि वाटेतला दगड कसा आहे हेही सांगितले.

किल्लारीपासून हैदराबाद साधारण सव्वादोनशे किलोमीटर, पुणे तीनशेच्या आत. हैदराबादेत राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली, सगळे तिला एनजीआरआय म्हणतात. वरच्या वेगाने हिशेब केला तर तिथे पी पोचायला सदतीस-एक सेकंद लागले असतील आणि एस त्यानंतर सत्तावीस सेकंदांनी. हैदराबादेत दोन लहरींमध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत होती. खुद्द किल्लारीत? भूकंपाचे केंद्र जमिनीखाली जेमतेम काही किलोमीटरवर होते. सात किलोमीटर धरले तर पी सव्वा सेकंदात वर आली, एस दोन सेकंदांत. दोघींत एक सेकंदही नव्हता. झोपेतल्या माणसाला डोळे उघडायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

आणि डोक्यावर माळवद होते. दीड-दोन हात रुंदीच्या, अनघड दगड मातीत रचलेल्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, आणि वर उन्हाळा-पावसाळा सोसावा म्हणून वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हात ही घरे फार सुखाची. आडव्या हिसक्याला मात्र तिथे धरून ठेवणारे काही नसते, भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या बाजू एकमेकींपासून सुटतात आणि छपराची माती खाली येते. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या हिशेबात हा महाभयंकर भूकंप नव्हे. मृतांचा आकडा मात्र सरकारी नोंदीत ७,९२८ आणि इतर नोंदींत पावणेदहा हजारांपर्यंत जातो.

सर्वांच्या तोंडी तेव्हा एकच प्रश्न होता: इथे कसा? दख्खनचा पत्थर म्हणजे न हलणारी जमीन, असेच सगळे समजून होते. देशाच्या तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात लातूरचा हा भाग पहिल्या विभागात होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. लोकांना याहून वेगळे वाटू लागले होते ते वर्षभर आधीच. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात जमीन गुरगुरत होती. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चारच्या आसपास तीव्रतेचा होता. मार्च १९९३ पर्यंत जाणवण्याजोगे सव्वाशेच्या आसपास धक्के बसले आणि मग सारे निवळल्यासारखे झाले.

इथे दुसरी एक सरळ रेष येते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली शिकण्यासारखी रेष हीच. कॅलिफोर्नियात बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४० च्या दशकात दाखवले की, आडव्या अक्षावर तीव्रता आणि उभ्या अक्षावर तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या भूकंपांच्या संख्येचा लॉगॅरिदम घेतला, तर बिंदू उतरत्या सरळ रेषेवर येतात. तिचा चढ ऋण असतो, जगात बहुतेक ठिकाणी उणे एकच्या जवळ. म्हणजे तीव्रता एकाने वाढली की संख्या दहापट घटते. चारचे हजार असतील तर पाचचे शंभर, सहाचे दहा. हा चढ हिमालयात आणि दख्खनात फार वेगळा नसतो. वेगळा असतो तो आंतरछेद. तो त्या प्रदेशाची एकूण हालचाल सांगतो. दख्खनचा आंतरछेद खाली आहे, त्यामुळे सगळी रेषच खाली सरकते. हिमालयाच्या एखाद्या पट्ट्यात जेवढा भूकंप दहा वर्षांत एकदा होईल, तेवढा इथे हजार-दोन हजार वर्षांत एकदा.

रेष खाली सरकते, संपत नाही. नकाशा काढणाऱ्यांकडे माहीत असलेल्या भूकंपांची यादी होती, आणि ती काही शतकांपलीकडे जात नव्हती. हजार वर्षांत एकदा घडणारी गोष्ट दोनशे वर्षांच्या वहीत सापडली नाही, म्हणून तिथे शून्य धरले गेले. आलेखावर एकही बिंदू नसणे आणि बिंदू शून्यावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात या चुकीने एखादा गुण जातो, इथे तिच्यावर घरे उभी होती. १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेने हा धडा एकदा दिला होता आणि त्यानंतर नकाशाही सुधारला गेला होता, पण तो सुधारला कोयनेभोवती.

पुढे सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारी आणि तेर इथे जमिनीचे थर तपासून जुन्या भूकंपांच्या खुणा शोधल्या. तेर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचे गाव, सातवाहनकाळी व्यापारासाठी गाजलेले तगर. तिथल्या प्राचीन अवशेषांत त्यांना भूकंपाने झालेल्या मोडतोडीची लक्षणे दिसली. किल्लारीच्या रेषेवरचा आणखी एक बिंदू असा मातीखालून वर आला. २००२ साली भारतीय मानक ब्युरोने नकाशा बदलला. पहिला विभाग कायमचा रद्द झाला, देशाचा कुठलाच भाग आता दुसऱ्याच्या खाली नाही, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

आता खोलीकडे वळू. भूकंपानंतर गावोगाव अफवांना ऊत आला होता. कुणी म्हणे ज्वालामुखी जागा होतोय, कुणी म्हणे तेरणा नदीवर माकणीला अडवलेल्या पाण्याने जमीन फोडली. धरणाच्या पाण्याचा मुद्दा शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने तपासला, कारण कोयनेचा अनुभव समोर होता. हर्ष गुप्ता तेव्हा एनजीआरआयचे संचालक होते आणि कोयनेच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा त्यांचा अभ्यास मोठा. पण कुठल्याही तर्काआधी हे ठाऊक हवे होते की, दख्खनच्या काळ्या पत्थराखाली आहे काय आणि किती खाली.

ते शोधायची मोहोरोविचिच यांची रीत लहान प्रमाणात वापरता येते. जमिनीवर एका जागी सुरुंग उडवायचा आणि सरळ ओळीत कंपनग्राही मांडत जायचे. जवळच्यांना लहर थेट काळ्या पत्थरातून येते. तिची रेष आरंभबिंदूतून निघते, आणि पत्थरातला वेग सेकंदाला पाच किलोमीटर असेल तर तिचा चढ एक पंचमांश. दूरच्यांना मात्र खाली ग्रॅनाइटात उतरून, तिथून सहा किलोमीटरच्या वेगाने धावून पुन्हा वर आलेली लहर आधी गाठते. तिचा चढ एक षष्ठांश, म्हणजे रेष जरा आडवी. ही दुसरी रेष मागे शून्य अंतरापर्यंत नेली तर ती आरंभबिंदूतून जात नाही, उभ्या अक्षावर थोडी वर छेदते. तो छोटासा आंतरछेद म्हणजे खाली उतरून वर यायला लागलेला जादा वेळ, आणि त्यातून पत्थराची जाडी निघते. कोयनेच्या भूकंपानंतर १९७० च्या दशकात एनजीआरआयने अशा लांबलांब ओळी पश्चिम महाराष्ट्रातून ओढल्या होत्या.

किल्लारीत प्रत्यक्ष खोदूनही पाहिले गेले. भूकंपाच्या केंद्राजवळ ६१७ मीटर खोल विंधन घेतले. ३३८ मीटरवर काळा पत्थर संपला. त्याखाली आठ मीटर गाळाचे थर लागले, आणि मग थेट अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट-नाइस. सह्याद्रीत दीड-दोन किलोमीटर जाड असणारा पत्थर इथे एवढासाच होता. वरचे वेग धरून उलटा हिशेब केला, तर ३३८ मीटरचा आंतरछेद येतो ०.०७५ सेकंद, सेकंदाचा तेरावा भाग. एवढ्याशा वेळात किल्लारीच्या पायाची खोली दडलेली होती.

भूकंप झाला तो पत्थराखालच्या या जुन्या ग्रॅनाइटात. ज्वालामुखीचा त्याच्याशी संबंध नव्हता. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे, त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातही साठतो. तो एका जुन्या कमकुवत भेगेवर मोकळा झाला, एक बाजू दुसरीवर चढली. भेग साधारण पंचेचाळीस अंशांत कललेली होती. दहावीच्या भाषेत तिचा चढ एक: जितके आडवे, तितकेच खोल. ती इतकी उथळ होती की फाटत जमिनीपर्यंत आली. किल्लारीजवळच्या शेतांत माती काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून अधिक वर उचललेली दिसली. स्थिर मानल्या गेलेल्या भूभागांतल्या तोवरच्या नोंदलेल्या भूकंपांत इतका जीवघेणा दुसरा नव्हता.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली. नव्या गावठाणांत अनेक ठिकाणी आडवे-उभे रस्ते आखले गेले, आलेखाच्या कागदासारखे. भिंतीत काँक्रीटचे पट्टे आले, घर हलले तरी बांधून ठेवणारे. पण वाड्या-गल्ल्यांनी एकमेकांना धरून बसलेले गाव चौकोनात मांडले की शेजार तुटतो, ही तक्रार लोकांनी बराच काळ केली आणि ती रास्त होती. घरे मजबूत झाली हे खरेच, त्याचे मोल मोठे आहे. दहा जुन्या वेधशाळांना याच भूकंपानंतर जागतिक दर्जाची यंत्रे मिळाली, तेही इथल्या माणसांच्या जिवावर.

किल्लारीनंतरही मराठवाड्याला जमिनीने आपला आवाज विसरू दिला नाही. २००७ च्या नोव्हेंबरात नांदेड शहराच्या काही भागांत धक्के सुरू झाले. धक्के लहान, मोठ्यातला मोठा तीनच्या आसपास, पण त्यांच्यासोबत जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा आणि लोक रात्री रस्त्यावर येऊन बसायचे. किल्लारीच्या आठवणी असलेल्या माणसांना कुणी 'लहान धक्के आहेत' म्हणून समजावू शकत नव्हते. १९९२ साली किल्लारीतही धक्के लहानच होते.

एनजीआरआयने नांदेडमध्येच यंत्रे आणून बसवली. दूर हैदराबादेतून अशा धक्क्याची वेळ कळते, खोली मात्र धड कळत नाही. केंद्र सव्वादोनशे किलोमीटरवर असताना ते दोन किलोमीटर खाली आहे की बारा, याने तिथे पोचण्याच्या वेळेत जवळजवळ फरकच पडत नाही. यंत्र डोक्यावर असेल तर तोच फरक मोठा होतो. हिशेब सोपा आहे: पी आणि एस यांच्यातल्या दर सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर अंतर. शहरातल्या यंत्रावर हा फरक अर्ध्या सेकंदाचा आला, तर भेग चार किलोमीटरच्या आत आहे, आणि ती शहराच्या बाहेर कुठे नसून पायाखालीच आहे. नांदेडच्या धक्क्यांचे उगम असेच उथळ, शहराच्या खालीच निघाले. आवाज कशाचा, याचेही उत्तर त्यातच होते. इतक्या जवळून आलेली पी लहर जमिनीतून हवेत शिरते आणि कानांना ऐकू येते. ती वाटेत विरून जायला मधे अंतरच नसते.

२०२४ च्या २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा १० जुलैला सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. वेळ, केंद्र आणि तीव्रता लोकांच्या फोनवर थोड्याच वेळात आली. खोलीचा आकडा दहा किलोमीटर असा गोल होता. जवळ पुरेशी यंत्रे नसली की भूकंपाच्या याद्यांत हा आकडा बऱ्याचदा असाच धरून दिला जातो. तो मोजून लिहायचा तर हिंगोली, वसमत, औंढा या पट्ट्यात, भेगेपासून दहा-वीस किलोमीटरच्या आत, यंत्रांची दाटी हवी.